मारांट्झचा अँप्लिफायर आहे. डेनॉनचा सीडी प्लेअर चालेल का, की ब्रँड एकच ठेवावा?

बिनधास्त घ्या, साध्या आरसीए केबलने दोन्ही जुळतात, कारण सीडी प्लेअरचं आउटपुट बहुतेक ब्रँडमध्ये साधारण २ व्होल्टचंच असतं. शिवाय ही दोन्ही नावं २००२ पासून एकाच मालकाकडे आहेत, त्यामुळे इथली निष्ठा जरा गमतीचीच! स्पीकर बदलताना मात्र नाव सोडून आकडे बघा: ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (ठरावीक वॉटला स्पीकर किती मोठा वाजतो त्या आकड्याच्या) जागी ८५ चा आणलात, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात. इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध (ओहममध्ये), स्पीकरच्या मागच्या बाजूला छापलेला असतोच. ब्रँड मिसळायला अपवाद ब्रिटनच्या नेम ऑडिओ कंपनीचा. त्यांच्या बऱ्याच जुन्या प्रीअँपना (आवाज कमी-जास्त करणारा वेगळा डबा) वीज त्यांच्याच पॉवर अँपकडून (स्पीकर चालवणारा डबा), गोल, अनेक पिनांच्या डिन केबलमधून मिळते. तिथे नुसता पॉवर अँप दुसऱ्या कंपनीचा घेऊन भागत नाही, वेगळा पॉवर सप्लायही लागतो.