वर्गात वारा हवा, झड नको

प्रश्न : आमची संस्था कोल्हापूर शहराबाहेर नवी शाळा बांधणार आहे. जागेच्या पश्चिमेला रस्ता आहे. दर्शनी बाजू काचेची करून सर्व वर्ग रस्त्याकडे घ्यावेत, पावसाळ्यात वाराही पश्चिमेचाच असल्याने हवा खेळेल, असे काही सहकारी म्हणतात. हे योग्य ठरेल का?
— एक विश्वस्त, कोल्हापूर

उत्तर : वाऱ्याविषयी आपले सहकारी बरोबर आहेत, काचेविषयी नाहीत. दुपार कलल्यावर सूर्य पश्चिमेला इतका खाली येतो की छज्जा कितीही रुंद काढला तरी ऊन बाकांपर्यंत पोहोचते. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून वर्गांच्या खिडक्या समोरासमोर, उत्तरेला आणि दक्षिणेला घ्याव्यात. दक्षिणेची भिंत किंचित नैऋत्येकडे वळवली तर तिरका वाराही वर्गात शिरतो. पश्चिमेच्या टोकाला जिना आणि भांडारखोली ठेवावी. स्वच्छतागृहे मात्र तिथे नकोत, नाहीतर वाऱ्याबरोबर वास वर्गावर्गांत फिरेल.

आपल्याकडे खरी अडचण झडीची आहे. जून-जुलैमध्ये पाणी आत येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात आणि भरलेला वर्ग दमट, कोंदट होतो. दक्षिणेला अडीच मीटर रुंद पडवी असेल तर बहुतेक दिवस खिडक्या उघड्या ठेवता येतील. शिवाय तीच मुलांची ये-जा करण्याची वाट होईल. सरकत्या खिडक्या टाळाव्यात, कारण त्यांचा निम्मा भाग कायम बंद राहतो.

भिंत जांभ्याची की विटेची, यावर फार खल करू नये. सावलीतली भिंत फारशी तापत नाही. तापतो तो स्लॅब. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो आणि तेव्हा शाळेला सुट्टी असली तरी मार्च-एप्रिलमध्येही वरच्या मजल्याला त्याची झळ लागतेच. स्लॅबवर चिनीमातीच्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून चायना मोझॅक करावे, किंवा वर हवा खेळेल इतकी मोकळी जागा सोडून पत्र्याचे दुसरे छप्पर घालावे.

वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५०० चौरस मीटर छतावरून गळती वजा जाता सुमारे ४ लाख लिटर पाणी मिळते. ते सगळे साठवण्याइतकी टाकी परवडणार नाही. ओसंडणारे पाणी गाळून बोअरवेलच्या पुनर्भरणाला द्यावे.

राहिला दर्शनी बाजूचा प्रश्न. रस्त्यालगत फरसबंदी न करता करंज आणि कडुनिंबाच्या दोन रांगा आत्ताच, पायाभरणीआधी लावाव्यात आणि प्रवेशद्वार त्यांच्यामधून घ्यावे.