दोन महिन्यांची अट आणि चौदा महिन्यांची वही

पत्र (संक्षिप्त): मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. माझी मुलगी यंदा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत शाखेची पदवी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. हिंजवडीतील एका कंपनीने तिला वार्षिक साडेचार लाखांची नोकरी देऊ केली आहे. मात्र आपल्या भागातील दुष्काळ, शेतीची वीज आणि पाणी यांवर संशोधन करायचे, असे तिने ठरवले आहे. अशा कामाला जगभरातून निधी मिळतो, असे ती सांगते. मी तिला दोन महिन्यांची मुदत दिली आहे. तेवढ्यात निधीचे लेखी पत्र आणले तर मी आडवा येणार नाही. नाहीतर तिने नोकरीवर रुजू व्हावे किंवा आलेल्या स्थळाला होकार द्यावा. चौदा महिने ती विहिरी मोजत फिरते आहे आणि माझ्या वडिलांनाही तिने या नादाला लावले आहे. एक सल्लागार ३५ हजार रुपयांत तिच्या नावे संस्था नोंदवून देतो म्हणतात, म्हणजे क्लायमेट फंड थेट मिळेल. हे करावे का? कोणत्या योजनेत अर्ज करावा, ते कळवावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण योजनांची नावे विचारली आहेत आणि ती मी पुढे देणारच आहे. परंतु आपले पत्र दोनदा वाचूनही माझे मन अडकून राहिले ते त्या दोन महिन्यांच्या अटीपाशी. आपण शिक्षक आहात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये असताना एखाद्या मुलाला ऑक्टोबरात गुणपत्रिका आणून दाखव, नाहीतर शाळा सोड, असे आपण कधीही म्हणणार नाही. मुलीला मात्र आपण नेमके तेच सांगितले आहे. अभियंत्यांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि प्रवेश जुलैच्या सुमारास होतात. संशोधन फेलोशिपसाठीची ‘नेट’ परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिच्या निकालानंतरही फेलोशिप प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत काही महिने जातात. देशातील सर्वांत हुशार विद्यार्थ्यालाही शून्यापासून सुरुवात करून दोन महिन्यांत निधीचे लेखी पत्र आणता येणार नाही. ती अट तिला पूर्ण करता येणारच नव्हती, आणि जी अट पूर्ण होऊच शकत नाही ती अट नसते, तो नकार असतो. आपल्याला नकारच द्यायचा असेल, तर तो आपल्या तोंडाने आणि कारणांसह द्यावा. निधीच्या आडून देऊ नये.

आणि स्थळाविषयी. निधी मिळाला नाही म्हणून लग्न, ही मांडणी वाचून मला वाईट वाटले आणि ते मी लपवणार नाही. मुलीने लग्न करावे की नाही, केव्हा करावे, हा माझ्या उत्तराचा विषय नाही. परंतु हरल्याची भरपाई म्हणून केलेल्या लग्नात तिच्याइतकाच त्या मुलावर आणि त्याच्या घरावरही अन्याय होतो. ती ओळ कृपया मागे घ्यावी, आणि मागे घेतल्याचे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. पुढचे सारे बोलणे त्यानंतरच नीट होईल.

आपण पाकिटात तिच्या वहीच्या दोन पानांची छायाप्रत घातली आहे, बहुधा तिचा हट्ट कुठवर गेला आहे ते मला कळावे म्हणून. मी ती पाने भिंग घेऊन वाचली. तीन विहिरी, दर रविवारची नोंद, गाठी मारलेल्या दोरीने मोजलेली पाण्याची खोली परसांत (परस म्हणजे एका माणसाएवढे माप) आणि हातांत, शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात शेतीला वीज किती तास आली आणि ती दिवसा आली की रात्री. ती वसतिगृहावर असतानाच्या नोंदी थरथरत्या, मोठ्या अक्षरांत आहेत. ते अक्षर आपल्या वडिलांचे असावे. एका ठिकाणी त्यांनी लिहिले आहे, ‘आता वीज दिवसा. पाणी अर्धा परस खाली.’ या एका ओळीत संशोधनाचा प्रश्न उभा आहे, आणि तो तालुक्यापुरता राहणारा प्रश्न नाही.

तो प्रश्न असा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीच्या वाहिन्या सौर प्रकल्पांना जोडल्या जात आहेत आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळू लागली आहे. रात्री दोन वाजता थंडीत बॅटरी घेऊन दारे धरायला जाणे, पायाखाली साप येईल या भीतीने सरीतून चालणे, हे ज्या घरांतून थांबले त्यांना या विजेचे मोल विचारावे. पण रात्रीच्या विजेत कित्येक जण पंप लावायला उठतच नसत आणि आपोआप काही पाणी विहिरीत राहत असे. आता दिवसाउजेडी प्रत्येक पंप पूर्ण वेळ चालतो. मग पर्जन्यछायेतल्या तालुक्यात भूजलाचे काय होते? वीज स्वच्छ झाली, पण विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली, तर त्या गावाची दुष्काळ सोसण्याची ताकद वाढली म्हणायची की घटली?

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावी याच भीतीवर एक प्रयोग झाला. इंटरनॅशनल वॉटर मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तेथे सौरपंप असलेल्या सहा शेतकऱ्यांची सहकारी मंडळी उभी केली आणि पंप वीजवाहिनीला जोडले. मध्य गुजरात वीज कंपनीने त्यांची उरलेली वीज प्रति युनिट ४ रुपये ६३ पैसे दराने २५ वर्षे विकत घेण्याचा करार केला. वीज विकून पैसे मिळत असतील तर शेतकरी गरजेपुरतेच पाणी उपसेल, असा त्यामागचा विचार होता. जोडलेल्या पंपांची उरलेली वीज विकत घेण्याची कल्पना पुढे गुजरात सरकारच्या २०१८ च्या सूर्यशक्ती किसान योजनेत आणि केंद्राच्या सौरपंपांसाठीच्या कुसुम योजनेतही दिसते. सहा शेतकऱ्यांच्या गावातील प्रयोगाला निधी मिळाला, कारण आधी प्रश्न नेमका होता. आपल्या मुलीच्या वहीत त्याच प्रश्नाची माणदेशी बाजू आहे.

आता त्या संस्था नोंदवून देणाऱ्या सल्लागारांविषयी, कारण येथे एक मोठा गैरसमज आहे आणि तो केवळ आपलाच नाही. हवामान निधी म्हणजे अर्ज केला की अर्जदाराच्या खात्यात पडणारी रक्कम, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा पैसा संस्थांना मिळतो, त्याही जुन्या, लेखापरीक्षण झालेल्या आणि कामाचा माग असलेल्या संस्थांना. ग्रीन क्लायमेट फंड या आंतरराष्ट्रीय हवामान निधीचे सुमारे ४ कोटी ३४ लाख डॉलर भारताच्या किनारपट्टीसाठी मंजूर झाले आणि त्यात आपला सिंधुदुर्ग जिल्हाही आहे. पण ते संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मार्फत आणि राज्य शासनांच्या सहभागाने खर्च करण्यासाठी होते. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज होते, ते शासनाला. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेला साधारणपणे विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेण्यासाठीही १ एप्रिल २०२१ पासून केंद्राकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आणि एवढे होऊनही कंपनी आधी संस्थेचे पूर्वीचे काम पाहते. बावीस वर्षांच्या मुलीच्या नावे काल काढलेल्या संस्थेला यातले काहीही मिळणार नाही; मिळेल ती फक्त दरवर्षीच्या हिशेबांची आणि विवरणपत्रांची कायदेशीर जबाबदारी, तिच्या नावावर. ते ३५ हजार रुपये देऊ नयेत. दिले असतील तर कागदांवर तिची सही होण्यापूर्वी थांबावे.

मग तिच्यासारख्या विद्यार्थिनीपर्यंत हा पैसा पोहोचतो कसा? संस्थेला मिळालेल्या प्रकल्पात संशोधन सहायकाची जागा निघते, किंवा विद्यार्थ्याला स्वतःच्या परीक्षेवर फेलोशिप मिळते. वर सांगितलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत मुंबई आयआयटीने बसवून दिली. माणूस लागतो तो अशा कामात. त्याच आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे ‘सितारा’ हे केंद्र आहे. तेथील एम. टेक.साठी अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेचा, गेट दिलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो आणि अभ्यासक्रमातच काही आठवडे गावात राहून काम करावे लागते. माझ्या मते आपल्या मुलीसाठी पहिला दरवाजा हाच आहे. गेटच्या आधारे एम. टेक.ला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. ते थोडे आहे, हे मान्य.

दुसरा मार्ग पालकांना सहसा कोणी सांगत नाही. केंद्राच्या विज्ञान विभागाच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांत ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून गेट उत्तीर्ण अभियंत्यालाही घेतले जाते, आणि १ जानेवारी २०२३ पासून त्या फेलोशिपची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. वर्षाचे झाले ४ लाख ४४ हजार, म्हणजे हिंजवडीच्या पत्रातल्या आकड्याच्या अगदी जवळ. मात्र ही जागा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते, कायम नसते. हे तिने आणि आपण दोघांनीही आधीच समजून घ्यावे.

नेट, पंतप्रधान संशोधन फेलोशिप, प्रवर्गानुसार सारथी, बार्टी किंवा महाज्योती: हे मार्ग पीएच. डी.च्या टप्प्यावर येतात आणि त्यांची माहिती सहज मिळते. राज्याच्या या संस्थांच्या फेलोशिपसाठी विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले आहे, त्यामुळे त्या हप्त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये, एवढेच सांगते. पुण्यात वीज धोरणावर प्रयास ही संस्था आणि पाणलोट व हवामान अनुकूलनावर वॉटर ही संस्था अनेक वर्षे संशोधन करत आहेत; त्यांच्या जाहिरातींवर तिने लक्ष ठेवावे. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रालाही तिने भेट द्यावी. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा ‘निक्रा’ हा हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प २०११ पासून देशभरातील निवडक केंद्रांतून चालतो आणि त्या पद्धतीचे काम जवळून पाहिलेले चांगले.

हिंजवडीच्या नोकरीला मी वाईट म्हणत नाही. घरात कर्ज असेल, धाकट्याचे शिक्षण असेल, तर तसे तिला सांगावे. ती अभियंता झाली आहे, घरचे आकडे तिला कळतील. तसे असल्यास तिने नोकरी धरून गेटचा अभ्यास करावा आणि रविवारच्या नोंदी आजोबांनी सुरू ठेवाव्यात. तसे नसेल, तर तिला दोन महिन्यांऐवजी पुढील वर्षाच्या जुलैपर्यंतचा वेळ द्यावा. या काळात निधीचे पत्र मागू नये. गेटचा अर्ज, चार प्राध्यापकांना लिहिलेली पत्रे आणि पूर्ण झालेली वही मागावी. या तीन गोष्टी तिच्या हातातल्या आहेत.

आणि आता थोडे तुझ्यासाठी, कारण हे पत्र तूही वाचशील. सोबतच्या निवेदनात तू ‘हवामान बदल आणि ग्रामीण भारत’ हा विषय लिहिला आहेस. तो खोडून टाक. एवढ्या मोठ्या विषयावर तुला कोणी मार्गदर्शक मिळणार नाही आणि मिळू नये. ‘दिवसाच्या विजेनंतर तीन विहिरींची पातळी’ असे लिही आणि वहीची चार पाने जोड. तुझी विद्युत शाखा या प्रश्नाला पुरणार नाही. खडकातून पाणी कसे मुरते ते भूजलशास्त्रातून आणि शेतकरी पंप केव्हा बंद करतो ते माणसांशी बोलून शिकावे लागेल. ज्यांच्या विहिरी तू मोजतेस त्या तिन्ही घरांना आकडे दाखवले आहेस का? नसतील दाखवले तर या रविवारी दाखव. त्यांच्या विहिरीचे आकडे त्यांच्याआधी मला कळले, हे बरोबर नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुझ्याकडे दर आठवड्याची नोंद आहे, म्हणून ती मौल्यवान आहे. पण ती टिकेल अशी कर. दोरी भिजली की ताणते, म्हणून महिन्यातून एकदा गाठींमधले अंतर पोलादी टेपने मोजून वहीत लिही. आजोबांचा परस आणि तुझा परस वेगळा असणार. दोघांचेही सेंटिमीटर एकदा पहिल्या पानावर लिहून ठेव. पंप सुरू होण्यापूर्वी सकाळीच मोज, आणि वेळ लिही. मार्च ते मे या महिन्यांतला एकही रविवार चुकू देऊ नकोस. तू गावात नसशील तेव्हा आजोबांबरोबर विहिरीच्या काठापर्यंत कोणीतरी जायला हवे, आणि ते काम बाबांनी केले तर मला फार आनंद होईल.