अग्निवीर भरती : सही करण्याआधी एवढं बघ

ऐरोलीच्या मैदानावर पहाटे धावतोयस, ते चालूच ठेव. पण करारही तितक्याच मन लावून वाच. नवखी मुलं तिथेच फसतात.

मुदत 4 वर्षं, प्रशिक्षण त्यातच धरलेलं. पुढे कायम होतात जास्तीत जास्त 25 टक्के, आणि निवड सैन्य करतं. तिथे तुझा हक्क चालत नाही. तेव्हा कायम नोकरी धरून घरचं कर्ज काढू नकोस.

पहिल्या वर्षी महिन्याला 30,000 पगार, हातात 21,000. उरलेले 9,000 सेवानिधीत, म्हणजे मुदत संपल्यावर एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जातात, सरकार तेवढेच घालतं. मधेच स्वतःहून बाहेर पडायला खास परवानगी लागते, आणि मग सरकारचा वाटा मिळत नाही. पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही.

सर्वांत महत्त्वाचं: भरती अधिकाऱ्याने अटी तुला वाचून समजावून सांगायच्या, असं सेना अधिनियम 1950 चं कलम 13 म्हणतं. मराठीत विचार, बिनधास्त. युद्धकाळात मुदतीनंतर थांबवून घेतात का, तेही तिथेच विचार.

पोलीस केसचा रकाना खरा भर. कळव्यातली किरकोळ मारामारी असली तरी लिही. खोट्या उत्तराला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. आणि डोमिसाइल आत्ताच काढ.