गोंदिया-बल्लारशा लाईन दुहेरी झाली की आमच्याकडच्या पॅसेंजर वाढतील का? सिग्नल बदलतात म्हणजे नेमकं काय करतात?

वाढू शकतात. वाढतीलच असं नाही. "दुहेरी झाली की गाड्याच गाड्या" असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी एक तर रेल्वेत नोकरी केली नाही, नाहीतर त्यांना पुढची निवडणूक लढवायची आहे.

मी याच लाईनवर सिग्नल मेंटेनर होतो. आता रिटायर. पॉइंट मशीन, ट्रॅक सर्किट, रिले रूम आणि पावसाळ्यात अर्ध्या रात्री उठून फेल्युअर शोधणं, यात नोकरी गेली. हा वाद आमच्या घरात फार जुना आहे. तोच सांगतो, तुमचं उत्तर त्यातून निघेल.

माझा साळा वडशाचा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत आहे. दिवाळी ते होळी हा माणूस घरी सापडत नाही. आज या गावची मंडई (आमच्याकडे जत्रेला मंडई म्हणतात), उद्या त्या गावचा शंकरपट (बैलांची शर्यत), आणि रात्री दहाला पडदा वर. एका मंडईच्या दिवशी त्याचा ऑर्गनवाला संध्याकाळच्या पॅसेंजरने गोंदियाकडून येत होता. मी त्या दिवशी जंगलातल्या एका लहान स्टेशनावर ड्युटीला. नाव सांगत नाही, तिथले मास्तर अजून ओळखीचे आहेत. स्टेशन म्हणजे काय, एक मेन लाईन, दोन लूप (गाडी बाजूला काढायचे रूळ), एक पॅनल (सिग्नल चालवायचा, गाड्या दाखवणारा बोर्ड) आणि फलाटावर दोन दिवे.

एका लूपमध्ये दुपारपासून कोळशाची भरलेली मालगाडी उभी होती. ड्रायव्हरची ड्युटी संपली, तो उतरून गेला, दुसरा यायचा होता. म्हणजे तीन लाईनींचं स्टेशन दोन लाईनींचं झालं. पॅसेंजर आली, तिला दुसऱ्या लूपला घेतली, कारण समोरून एक्सप्रेस येत होती आणि तिला मेन हवी. हे रोजचंच. एक्सप्रेस गेली. आता पॅसेंजरला सोडायचं, तर कंट्रोलमधून निरोप आला की एक्सप्रेसच्या मागे रिकामी मालगाडी आहे, तीही काढून घ्या. पुढच्या स्टेशनातून ती निघालीच होती. सिंगल लाईनवर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असते, ती आमच्याकडे पोचेपर्यंत पॅसेंजरला स्टार्टर, म्हणजे निघायचा सिग्नल, देता येत नाही. ती पोचली तर पलीकडून आणखी एक निघालेली. हे असं दीड-दोन तास चाललं. लोक खाली उतरून बिड्या ओढत बसले, बायकांनी डबे सोडले.

आणि माझा साळा मोटरसायकलवर तिथं हजर. त्याला ऑर्गनवाला दिसला, ऑर्गन ब्रेकव्हॅनमध्ये दिसला, आणि समोर लाल सिग्नल दिसला. त्याने सरळ मला गाठलं. "भाऊजी, तुमच्या या लाल बत्तीनं माझं नाटक बुडवलं ना! सुधरवत काहून नाही तिले?" चारचौघांत. माझ्या स्टेशनावर. माझ्या सिग्नलबद्दल, ज्याचा दिवा मी सकाळीच पुसून, व्होल्टेज मोजून, रजिस्टरमध्ये सही केली होती.

मी त्याला मास्तरांच्या खोलीत नेलं आणि पॅनल दाखवलं. म्हटलं, हे लाल पट्टे बघ, ही उभी मालगाडी, ही येणारी मालगाडी. सिग्नल लाल आहे कारण लाल असायलाच पाहिजे. उद्या हा बिघडून हिरवा झाला तर तू नाटकाला नाही, वेगळ्याच ठिकाणी पोचशील. तो म्हणाला, "तं मग दुसरी लाईन टाका ना बापा!" ऑर्गन मोटरसायकलवर मावेना, म्हणून गावातून बैलगाडी आणली. खेळ तासभर उशिरा उभा राहिला. प्रेक्षकांना काही फरक पडला नाही, झाडीपट्टीत माणूस पहाटेपर्यंत बसतो. पण तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत साळा हेच सांगतो: एक, भाऊजींच्या लाल बत्तीनं नाटक बुडवलं, दोन, दुहेरी लाईन हाच इलाज.

पहिलं खोटं आहे. दुसरं अर्धं.

त्या संध्याकाळी दुसरी लाईन असती तर पॅसेंजर थांबली नसती, हे कबूल. पण दुसऱ्या लाईनशिवायही ती थांबायची गरज नव्हती. मालगाडीला ड्रायव्हर वेळेत मिळाला असता, किंवा चौथा रूळ असता, किंवा एक्सप्रेस यायच्या आधी पॅसेंजरला एक स्टेशन पुढे ढकललं असतं, तर ऑर्गनवाला वेळेत पोचला असता. कोणाला थांबवायचं आणि कोणाला काढायचं हे सिग्नल ठरवत नाही. ते ठरवणारा माणूस दूर बसलेला असतो, आणि पॅसेंजर ही त्याच्या यादीत शेवटी असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी इतकी वर्षं सांगतोय.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आधी थोडा हिशेब. सिंगल लाईनची ताकद, म्हणजे दिवसाला किती गाड्या जातील, हे काढायचं एक साधं गणित आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. दिवसाची १,४४० मिनिटं घ्या. सगळ्यात लांबच्या दोन स्टेशनांमधला धावण्याचा वेळ, अधिक लाईन क्लिअर (पुढच्या स्टेशनाची परवानगी) घेणं-देणं आणि रूट लावणं याचा वेळ, या बेरजेने भागा, आणि आलेल्या आकड्याचे ७० टक्के धरा. समजा दोन स्टेशनांत मालगाडीला १२ मिनिटं लागतात आणि सिग्नलचं काम ५ मिनिटांचं. भागाकार साधारण ८४, त्याचे ७० टक्के म्हणजे ५९ गाड्या, दोन्ही दिशा मिळून. आता त्याच दोन स्टेशनांच्या बरोबर मधे एक क्रॉसिंग स्टेशन, म्हणजे गाड्या एकमेकींना ओलांडतील असं स्टेशन, उभं करा. १२ चे ६ झाले, बेरीज ११, आणि गाड्या ९०च्या घरात. एक किलोमीटरही दुहेरी लाईन न टाकता. मात्र सगळ्यात लांबचा टप्पा आधी फोडायचा, कारण साखळीची ताकद तिथंच ठरते.

सिग्नलचं म्हणाल तर, जुन्या पद्धतीत पुढची लाईन मोकळी असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला टोकनचा गोळा हातात द्यावा लागायचा. आता ब्लॉकचं, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या टप्प्याचं, यंत्र विजेवर चालतं, रुळावर गाडी आहे की नाही हे ॲक्सल काउंटर चाकं मोजून सांगतो, त्यामुळे ती ५ मिनिटं कमी होतात. स्टेशनात पॅनलच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग येतं, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवायचं काम कॉम्प्युटर करतो. लूपला जाताना गाडी कासवासारखी का होते? पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथं, ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असते, काही जुन्या ठिकाणी १५ ची. मजबूत पॉइंट टाकले की ती ५० पर्यंत नेता येते. प्रत्येक क्रॉसिंगला दोन-तीन मिनिटं वाचतात, आणि पॅसेंजरच्या नशिबी लूपच असल्याने हा फायदा थेट तिचा आहे. समोरासमोरच्या दोन गाड्या एकदम स्टेशनात घ्यायच्या तर स्टार्टरच्या पुढे मोकळा रूळ लागतो, निदान १२० मीटर. तो नसेल तर एक गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेर, उभी, आणि आतले प्रवासी सिग्नलवाल्याला शिव्या देतात. लूप लांब असेल तर लांब मालगाडीला बाजूला काढता येतं. नाहीतर उलटं होतं, मालगाडी लूपमध्ये मावत नाही म्हणून पॅसेंजरच बाजूला. आमच्याच झोनने, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने, २०२० मध्ये चार रेक (रेक म्हणजे एका गाडीचे सगळे डबे) जोडून २.८ किलोमीटरची 'शेषनाग' चालवली होती. पेपरात फोटो आले, सगळे खूश. ती ज्या लूपमध्ये मावेल असा लूप मी तरी पाहिलेला नाही.

दुहेरी लाईनवर समोरासमोरचा प्रश्नच संपतो. त्यावर ऑटोमॅटिक सिग्नल बसवले, म्हणजे दर किलोमीटरच्या आसपास एक, तर दोन स्टेशनांच्या मधे एकामागे एक दोन-तीन गाड्या चालू शकतात. कवचबद्दलही, म्हणजे धोका असला की गाडीला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेबद्दलही, लोक विचारतात. कवच धडक टाळण्यासाठी आहे आणि ते हवंच, पण त्याच्या भरवशावर लोकल मागू नका.

मग गाड्या का वाढणार नाहीत? एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही २४० किलोमीटरची दुहेरी मंजूर केली, ४,८१९ कोटींची. एवढा पैसा तुमच्या मुलीला सिंदेवाहीहून चांदा फोर्टला, म्हणजे चंद्रपूरला, कॉलेजला पोचवायला दिलाय असं वाटत असेल तर तुम्ही फार भले गृहस्थ आहात. जबलपूर-गोंदिया ब्रॉडगेज झाल्यापासून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना इटारसी-नागपूरची गर्दी टाळून आपल्या जंगलातून वाट मिळाली. त्यात आपला कोळसा. त्यांच्यासाठी ही लाईन आहे. मालगाडी कमावते आणि पॅसेंजर खाते, हा रेल्वेचा हिशेब. मधे तर तिकिटावरच छापायचे की प्रवासाच्या खर्चाचे सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. तिकीट काढणाऱ्यालाच टोमणा!

आपल्या भागाने हे एकदा पाहिलेलं आहे. छोटी (नॅरोगेज) गाडी होती तेव्हा ती हळू होती, डबे मोडके होते, पण ती आपलीच होती. मालाला ती नकोच होती. नव्वदच्या दशकात मोठी लाईन झाली, मग विजेची तार आली, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर दूरच्या गाड्या वाढल्या. मला छोट्या गाडीचे उमाळे येत नाहीत, तिची गाणी गाणाऱ्यांनी तिच्यातून उन्हाळ्यात एकदा प्रवास करायला हवा होता. पण गेली ती जागा आपण मागून घेतली नाही. नागपूर-नागभीडची छोटी लाईन २०१९ मध्ये मोठी करायला बंद केली, तेव्हापासून उमरेड-भिवापूरकडच्या रोजच्या प्रवाशाला एसटी आणि काळीपिवळीच होती. वर्धा-कळंब लाईन फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रूळ नवे कोरे, म्हणून तासातासाला गाडी लागली असं झालं नाही. २०१८ मध्ये नागपूरहून वर्धा, रामटेक, भंडारा, नरखेडकडे जुन्याच रुळांवर ब्रॉडगेज मेट्रो धावणार म्हणून करार झाला. तेव्हा साळा पेढे घेऊन आला होता. मी विचारलं, मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई जिथं एकमेकींना छेदतात तिथं सकाळी नऊची मोकळी वेळ कोणाच्या खिशातून काढणार? पेढे खाल्ले, उत्तर मिळालं नाही.

आणि करोनात पॅसेंजर बंद केल्या, मग 'स्पेशल' म्हणून एक्सप्रेसच्या भाड्याने सोडल्या. दहाचं तिकीट तीसला. ते परत दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. त्या काळात रूळ होते, सिग्नल होते, सगळं होतं.

आता काही गोष्टी इमानदारीने सांगायच्या राहिल्या. दुहेरी नकोच असं मी म्हणत नाही. ती झाली की आहेत त्या पॅसेंजर तरी वेळेवर धावतील, आणि रोज जाणाऱ्याला नव्या गाडीपेक्षा वेळेवरची गाडी जास्त कामाची. दुसरं, ही लाईन वाघांच्या वाटेवरून जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चांदा फोर्टजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघिणीची तीन पिल्लं पॅसेंजरखाली गेली. रूळ दोन झाले की ओलांडायचं अंतर वाढतं, दोन्हीकडून गाड्या येतात. खालून वाटा काढल्या नाहीत तर वेगाची मर्यादा लागेल आणि लागायलाच पाहिजे, मग वर केलेलं सगळं गणित त्या टप्प्यात ढासळतं. आणि मी रिटायर माणूस, आताच्या इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमधलं कार्ड कसं बदलतात ते माझ्या जागी आलेल्या पोराला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

तर मागायचं काय? "गाड्या वाढवा" असं निवेदन देऊ नका, त्याला "विचाराधीन आहे" असं उत्तर तयार असतं. मागायचं ते असं की नागभीडला किंवा वडशाला रात्री एक मेमू (विजेवर चालणारी, लोकलसारखी गाडी) रेक मुक्कामी ठेवा. सकाळी पावणेसातला चांदा फोर्टकडे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर परत, एवढीच. रेक गोंदियात झोपत असेल तर ती इकडे सकाळच्या कॉलेजला कधीच पोचणार नाही, रूळ एक असो की चार. मुक्कामासाठी एक जादा लाईन, डबे धुवायला पाणी, ड्रायव्हर-गार्डला झोपायला रनिंग रूम आणि पहारा लागतो. या गोष्टी दुहेरीच्या नकाशात आत्ताच घालून घ्याव्या लागतात. यार्ड एकदा बांधून झालं की नवी लाईन घुसवायला पुन्हा सगळं इंटरलॉकिंग उघडावं लागतं, आणि त्याला कोणी तयार होत नाही. तेव्हा विभागीय प्रवासी सल्लागार समितीवर तुमच्या तालुक्यातून कोण आहे ते शोधा आणि यार्डाचा नकाशा बघायला मागा.

माझा साळा सध्या वडशात याच दुहेरीसाठी सह्या गोळा करतोय. त्याच्या कागदावर मुक्कामी रेकचा एक शब्द नाही. मी सांगितलं तर म्हणतो, "भाऊजी, तुम्ही बत्ती सांभाळा." तुम्ही सही करायला गेलात तर ती ओळ खाली पेनाने लिहून मगच करा. कोणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव बिनधास्त घ्या.