थडग्यावरचं 'रेलिक्ट'

प्रश्न असा आलाय: इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका गावात चर्चच्या आवारात अठराव्या शतकातलं थडगं आहे, दगड झिजलाय, बाईच्या नावापुढे 'रेलिक ऑफ' आणि मग नवऱ्याचं नाव दिसतं, तर 'अमक्याचा अवशेष' असा अर्थ घ्यायचा का?

नाही हो. तो शब्द 'रेलिक्ट' आहे, शेवटचा टी झिजलाय. चुनखडीच्या दगडावर असं होतंच, त्याच भागातल्या स्विथलँडच्या स्लेटवर मात्र अडीचशे वर्षांनीही अक्षर ठसठशीत राहतं. ऊन तिरपं असताना जा, नाहीतर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारा, टीच्या खाचेत सावली पडेल. वायरचा ब्रश अजिबात नको, पापुद्रे निघतात.

नवरा आधी गेला आणि ही मागे राहिली, एवढाच अर्थ. आणि कृपा करून 'परित्यक्ता' लिहू नका! हा इंग्रजी शब्द लॅटिन 'रेलिक्ता'वरून आला, आणि लॅटिन कोशात त्यापुढे 'सोडलेली' दिसलं की लोक बिनधास्त तेच लिहितात. अरे, नवरा मेलाय, त्याने बायकोला टाकलं कुठे?

खरी मजा पुढे आहे. 'रेलिक्ता'च्या पोटातलं लॅटिन क्रियापद 'लिंक्वेरे' म्हणजे सोडणं, आणि आपला संस्कृत 'रिच्' धातू, दोघांचं मूळ एकच. त्यातूनच रिक्त, प्राकृतात रित्त, आपलं रिता, शिवाय अतिरेक आणि व्यतिरिक्त. आणि रिक्थ! रिक्थ म्हणजे माणूस गेल्यावर मागे उरलेली मालमत्ता. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात 'रिक्थमारैक्' येतं, त्यात नामही याच धातूचं आणि क्रियापदही याच धातूचं, काय सुंदर आहे हे. म्हणजे मागे उरली ती इस्टेट रिक्थ आणि मागे उरली ती बाई रेलिक्ट. बँकेचं लोनसुद्धा याच घराण्यातलं.

कोशवाले 'विधवा' लिहून मोकळे होतात ते मला साफ नामंजूर आहे, कारण विधवाचं सख्खं भावंड इंग्रजीत 'विडो' हे आहे, तो शब्द हाताशी असताना दगडावर मुद्दाम वेगळा कोरलाय तर मराठीतही वेगळाच हवा. आपल्या निधनवार्तेत 'त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलं असा परिवार आहे' असतं ना, त्यातलं 'मागे' म्हणजेच रेलिक्ट. तेव्हा 'अमक्यांच्या मागे राहिलेली पत्नी' असं लिहा.

शेजारच्या एखाद्या दगडावर बाईच्या नावापुढे 'कॉन्सॉर्ट', म्हणजे जोडीदार, दिसलं तर बहुधा उलटं समजायचं, बायको आधी गेली आणि नवरा तेव्हा हयात होता, पण दोघांच्या तारखा जुळवून बघा.