पाण्यात पॉलिमर कशाला?

प्रश्न : तेल काढायला जमिनीत पाणी सोडतात हे कळलं, पण त्यात पॉलिमर का घालतात?

उत्तर : छान विचारलंत! तेल घट्ट आणि पाणी पातळ, मग पाणी खडकातल्या सोप्या वाटेने सरळ पुढे पळतं आणि तेल मागेच अडकून राहतं. लिटरभर पाण्यात ग्रॅम-दीड ग्रॅम पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या पॉलिमरची, म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू असलेल्या पदार्थाची, पावडर भुरभुरवली की पाणी बुळबुळीत होतं, चमचा उचलला तर तार धरतं, आणि असं दाटसर पाणी तेलाला सगळीकडून सारखं रेटतं. फक्त जोरात घुसळायचं नाही हं, लांब साखळ्या तुटतात आणि पाणी परत पातळ! राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला तेलक्षेत्रात, जे 2004 मध्ये सापडलं, हेच मोठ्या प्रमाणावर करतात.