रात्रभर ठाण्यात डांबलं, मारलं, सकाळी सोडलं : सीमाभागात तक्रार कशी उभी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : खानापूर तालुक्यातल्या तुमच्या मामेभावाला गावातल्या भांडणाच्या चौकशीसाठी म्हणून रात्री ठाण्यात नेलं, मराठीत बोलतो म्हणून शिव्या घातल्या, लाठीनं मारलं, फोन काढून घेतला आणि कन्नडमधल्या एका कागदावर सही घेऊन सकाळी सोडून दिलं. हातात कागद एकही नाही. त्यावर इथं जो वाद झाला तो असा, की हे मराठी म्हणून घडलं की पोलीस सगळ्यांशीच असं वागतात. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाशी तुलनाही झाली. त्या वादाबद्दल मला सांगायचं आहे, पण मार लागून आज दुसराच दिवस आहे, म्हणून आधी कामाचं.

संध्याकाळच्या आत त्याला सरकारी दवाखान्यात न्या. खानापूरचा तालुका दवाखाना चालेल, तिथं टाळाटाळ झाली तर बेळगावचं बिम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका. अपघात विभागात जाऊन ‘एमएलसी करायची आहे’ असं सांगा, म्हणजे पोलीस-कोर्टात चालणारी दुखापतीची नोंद (मेडिको-लीगल केस). डॉक्टर विचारतील, कसं लागलं? बरीच प्रकरणं इथंच कोसळतात. दारात पोलीस उभा दिसला की माणूस ‘पडलो’ म्हणतो, आणि तो शब्द केसपेपरवर कायमचा राहतो. ठाण्याचं नाव, वेळ आणि कशानं मारलं एवढं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि ते लिहून घेतलं का हे बघायचं.

लाठीचा वळ ओळखू येतो. दोन समांतर लाल रेघा दिसतात आणि मधली पट्टी फिकी राहते, कारण दाबानं रक्त बाजूला सरकतं आणि कडेच्या बारीक वाहिन्या फुटतात. पडून तसा वळ उठत नाही. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘मुका मार’ न लिहिता वळाची लांबी, रुंदी, जागा आणि रंग लिहायची विनंती करा. रंगावरून मार किती जुना याचा साधारण अंदाज येतो : आधी लाल, मग निळा-काळा, पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास हिरवट, आठवड्यानंतर पिवळा, आणि दोनेक आठवड्यांत बहुतेक सगळं नाहीसं. रोज एकाच उजेडात, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. एक फोटो जवळून, एक चेहरा दिसेल असा लांबून. तळपायावर मारलं असेल तर वरून फारसं दिसत नाही, ते मुद्दाम तपासायला लावा. हाडाची शंका असेल तर एक्स-रे टाळू नका. हाड मोडणं, दात निखळणं किंवा 15 दिवस तीव्र वेदना होणं अथवा रोजची कामं न जमणं ही भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भादंविच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 116 खाली गंभीर दुखापत ठरते. कबुली काढण्यासाठी केलेल्या साध्या दुखापतीला कलम 120 मध्ये 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गंभीर असेल तर 10 पर्यंत.

दुसरं काम सीसीटीव्हीचं, तेही आजच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला प्रत्येक ठाण्याचं दार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, इतकंच नव्हे तर शौचालयाबाहेरचा भागही आवाजासह टिपणारे कॅमेरे लावायला सांगितलं. रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं, यंत्र तेवढ्या क्षमतेचं मिळत नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. पत्रात ‘फुटेज द्या’ एवढंच लिहू नका, ‘या तारखेच्या या वेळेपासून त्या वेळेपर्यंतचं, या या जागांचं रेकॉर्डिंग जपून ठेवा’ असं लिहा. एक प्रत ठाण्याला, एक बेळगावच्या जिल्हा पोलीस अधीक्षकांना, दोन्ही स्पीड पोस्टानं. (ठाणं बेळगाव शहरातलं असतं तर अधीक्षकांऐवजी पोलीस आयुक्त.) नंतर ‘हार्ड डिस्क बिघडली होती’ असं उत्तर आलं तर तुमच्या पत्राची तारीखच त्यांना अडचणीत आणते. ठाण्याच्या रस्त्यावरची दुकानं, पेट्रोल पंप इथलं फुटेज मात्र लगेच मिळवा, कारण खासगी डीव्हीआर (कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग यंत्रं) काही आठवड्यांतच जुन्यावर नवं चढवतात.

कुणी व्हिडिओ काढला असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवून समाधान मानू नका. पाठवताना फाइल दाबली जाते आणि मूळ वेळेची नोंद जाते. ज्या फोननं काढला तो फोन आणि मूळ फाइल तशीच राहू द्या. असा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल तेव्हा ती मूळ फाइलच कामाला येते.

आता त्या सहीच्या कागदाबद्दल. बहुधा तो मुचळका (चांगल्या वागणुकीची लेखी हमी) किंवा ‘मी स्वखुशीनं आलो, मला काही त्रास झाला नाही’ अशा अर्थाचा जबाब असेल. तपासात साक्षीदारानं दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 181 मध्ये स्पष्ट आहे. पुढं कुणावर अशी वेळ आली आणि सही टाळणं शक्यच नसेल, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहायचं : ‘मजकूर कन्नडमध्ये आहे, मला वाचून दाखवलेला नाही’, आणि तारीख, वेळ. तुमच्या भावाच्या बाबतीत हीच गोष्ट आता तक्रारीत पहिल्या पानावर यायला हवी. उशिरा सांगितली तर वकिलानं शिकवली असं म्हटलं जातं.

‘अटक केलीच नव्हती, चौकशीला बोलावलं होतं’ हा पोलिसांचा ठरलेला बचाव. त्याला उत्तर द्यायला फार कायदा लागत नाही. संशयित म्हणून बोलावलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस हवी, साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर कलम 179 चा लेखी आदेश हवा. दोन्ही नसतील आणि माणूस रात्रभर जाऊ दिला गेला नसेल, तर तो बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा, न्याय संहिता कलम 127. अटक दाखवली असती तर घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं हजर करणं हे सगळं करावं लागलं असतं. ते चुकवण्यासाठीच कागद न करता ठेवून घेतात.

तक्रार लिहिताना वेळेला जपा. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, आणि ‘14 तारखेच्या रात्री 1 वाजता’ म्हणजे 14 की 15 यावर उलटतपासणीत अर्धा तास जातो. ‘14 व 15 च्या मधली रात्र’ असं लिहा. नावं माहीत नसतील तर वर्णन आणि खांद्यावरच्या पट्ट्या, तारे लिहा, नाव अंदाजानं टाकू नका. चुकीच्या माणसाचं नाव पडलं आणि तो त्या रात्री रजेवर निघाला की सगळी तक्रार खोटी ठरवली जाते. मूळ मराठीत लिहून कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, दोन्हीवर सही करा. वाक्यं लहान ठेवा. मराठीत ‘काठी’ आणि भाषांतरात ‘पट्टा’ झाला तर तीच विसंगती म्हणून वापरतात.

ती ठाण्यात द्या. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे अधीक्षकांना पोस्टानं. तिथंही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह खानापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, कलम 175. लोकसेवकाविरुद्ध तक्रार असली की 175(4) प्रमाणे वरिष्ठांचा अहवाल आणि त्या पोलिसाचं म्हणणं मागवलं जातं, तेव्हा उशीर गृहीत धरा. ठाण्यातून ‘पिटिशन चौकशी करून निकाली’ असं एंडोर्समेंट (ठाण्याचं लेखी उत्तर) मिळालं तर ते फेकू नका, ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही याचा तोच पुरावा आहे.

कर्नाटकात आणखी एक दगड वाटेत आहे. पोलिसावर खटला चालवायला नागरिक सुरक्षा संहितेतली सरकारची मंजुरी सगळीकडं लागते (कलम 218, सरकारनं 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं), पण इथं कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम 170 सुद्धा आहे. कामाच्या ओघात मर्यादा ओलांडली असली तरी कर्तव्याशी संबंध असेल तर मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये डी. देवराज प्रकरणात म्हटलं, आणि ते प्रकरण कर्नाटकातलंच. म्हणून तक्रारीत नुसतं ‘जास्त मारलं’ असं लिहिणं घातक ठरतं. कुठलीही नोटीस नव्हती, अटक नव्हती, ठाण्याच्या डायरीला नोंद नव्हती, म्हणजे कर्तव्य मुळात सुरूच नव्हतं, अशी मांडणी हवी.

समांतर रस्ते दोन. कर्नाटक पोलीस कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं आलेली राज्य आणि जिल्हा पोलीस तक्रार प्राधिकरणं, आणि मानवी हक्क आयोग. राष्ट्रीय आयोगाकडं मराठीत तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत. राज्य आयोगाकडं आधी अर्ज गेला असेल तर राष्ट्रीय आयोग हात लावत नाही, आणि न्यायप्रविष्ट झालेलं प्रकरणही बाजूला ठेवलं जातं. म्हणजे एकच आयोग निवडा आणि कोर्टाच्या आधी जा. फोन परत द्यायला पैसे मागितले तर लाचेची प्रकरणं बघणाऱ्या लोकायुक्त पोलिसांकडं. दबावाखाली लाच द्यावीच लागली तरी सात दिवसांत कळवलं तर देणारा सुटतो.

कुणीतरी कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं सुचवलं होतं. ते मुंबई उच्च न्यायालयाचं आहे, खानापुरातल्या घटनेवर त्याचा अधिकार नाही. आपलं खंडपीठ कर्नाटक उच्च न्यायालयाचं, धारवाडचं.

आता त्या वादाबद्दल. ‘हे भाषेमुळं झालं’ आणि ‘पोलीस सगळ्यांनाच मारतात’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. 2014 साली बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक काढल्यानंतर झालेल्या मारहाणीची दृश्यं या भागातल्या कुणालाही विसरता येणार नाहीत, आणि तिथं भाषा नव्हती असं म्हणणं धडधडीत चूक आहे. पण डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या नव्या वंटमुरीत एका बाईची विटंबना झाली, उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि पोलीस वेळेवर का पोचले नाहीत हा प्रश्न उभा राहिला, तिथं मराठी-कन्नड असा काही प्रश्नच नव्हता. गरीब, दलित, आदिवासी, कन्नड बोलणारा मजूर यांच्या पाठीवरही तीच लाठी पडते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 4 तरी आहे, मुद्दाम कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा देणारं. भाषेच्या भेदभावासाठी तसं स्वतंत्र कलम नाही.

मिनियापोलिसचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. 25 मे 2020 ला तिथं जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसानं मानेवर गुडघा दाबून धरल्यानं मेला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ‘वैद्यकीय घटना’ असं होतं. रस्त्यावरच्या 17 वर्षांच्या मुलीनं फोनवर काढलेल्या व्हिडिओनं ते खोडलं. खटला चालला तो गुडघा मानेवर किती वेळ होता यावर. वर्णभेदाची चर्चा देशभर झाली ती योग्यच होती, पण 2021 मध्ये त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा मिळाली ती सिद्ध झालेल्या कृत्याला.

आपल्याकडं भाषेचा अन्याय लाठीपेक्षा कागदात जास्त पक्का पकडता येतो, आणि कायदाही तिथंच आपल्या बाजूनं आहे. घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, तेव्हा ‘मराठी अर्ज घेत नाही’ हे उत्तर चूक आहे. (माहिती अधिकाराचं वेगळं : तो अर्ज इथं कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत, एकच विषय, 150 शब्द, 10 रुपये.) अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी दिली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 6 नोव्हेंबर 2025 ला मिहिर शहा प्रकरणात सांगितलं. ती न दिल्यास अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. मराठी माणसाला कन्नडमधला कागद देऊन सही घेणं ही सीमाभागातली रोजची गोष्ट, आणि तिला थेट लागू होणारा हा निकाल प्रत्येक वकिलाच्या फाइलमध्ये हवा.

म्हणून भावाच्या तक्रारीत भाषेचा मुद्दा जरूर घ्या, पण शीर्षकात नव्हे. कोणता शब्द, कुणी, किती वाजता उच्चारला, ऐकणारा दुसरा कोण होता, हे घटनेच्या ओघात लिहा. ‘कन्नड पोलिसांनी मराठी तरुणाला’ अशी पोस्ट मात्र आत्ता टाकू नका. न्याय संहितेच्या कलम 196 मध्ये भाषेच्या आधारे तेढ वाढवण्याचा गुन्हा आहे, आणि उलट गुन्हा दाखल करायचा झाला की तेच कलम आणि सरकारी कामात अडथळ्याचं 132 पुढं केलं जातं. गावातल्या एक-दोघांनी त्याला रात्री नेताना आणि सकाळी परत येताना पाहिलं असेल तर त्यांची नावं आणि वेळा आजच लिहून ठेवा. कन्नड बोलणारा शेजारी साक्षीला तयार असेल तर त्याचं नाव सगळ्यात वर घ्या.